मुळं न काढताच मुळांबद्दल कसं सांगायचं: वर्गसमीकरणाची मुळं आणि सहगुणक

मागच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधला दहावीतला एक मुलगा वही घेऊन आला, म्हणाला काकू उत्तर काही केल्या जुळत नाहीये. गणित असं होतं, २क्ष² − ७क्ष + ४ = ० या समीकरणाची मुळं अल्फा आणि बीटा असतील तर अल्फा² + बीटा² किती. त्याने काय केलं होतं, आधी सूत्र लावलं, विवेचक (सूत्रातल्या वर्गमुळाच्या आतली संख्या) ४९ − ३२ = १७ आला, मग मुळं (७ + √१७)/४ आणि (७ − √१७)/४, मग दोन्हींचे वेगवेगळे वर्ग, मग ते १४√१७ इकडून तिकडे, खाली छेद १६, आणि या सगळ्यात कुठेतरी एक मायनस गळला. दीड पान भरलं होतं, मेहनत अगदी प्रामाणिक.

मी म्हटलं, अरे तुला मुळं विचारलीच नाहीयेत, त्यांच्या वर्गांची बेरीज विचारलीये. मुळांची बेरीज ७/२, मुळांचा गुणाकार ४/२ म्हणजे २, आता बेरजेचा वर्ग कर ४९/४, त्यातून गुणाकाराची दुप्पट म्हणजे ४ वजा कर, ३३/४. झालं.

तो दोन मिनिटं वहीकडे बघत बसला आणि मग विचारलं, पण असं चालतं का? मला हा प्रश्न फार आवडला, कारण "पाठ कर, चालतं" असं सांगून मोकळं होणारे खूप भेटतात आणि मग पोरं परीक्षेत साइन उलटी लावून येतात. म्हणून इथे का चालतं तेही लिहितेय आणि कसं वापरायचं तेही, दहावीवाल्यांसाठी मुख्यतः, पण अकरावीला जाणाऱ्यांनाही शेवटचा भाग कामाला येईल.

आधी लिहायची पद्धत ठरवून घेऊ. समीकरण अ·क्ष² + ब·क्ष + क = ०, यात अ, ब, क हे सहगुणक, अ शून्य नाही (शून्य असेल तर वर्गसमीकरणच राहत नाही). मध्ये टिंब दिलंय कारण अ आणि क्ष चिकटवून लिहिलं की तो "अक्ष" वाचला जातो. मुळं म्हणजे क्ष च्या ज्या किमती टाकल्यावर डावी बाजू शून्य होते त्या, त्यांना अल्फा आणि बीटा म्हणायचं.

आणि संबंध एवढाच आहे:

अल्फा + बीटा = −ब/अ
अल्फा × बीटा = क/अ

हे येतं कुठून

उलट्या बाजूने या. समीकरण देऊन मुळं काढण्याऐवजी मुळं घ्या आणि समीकरण बनवा. समजा मुळं ३ आणि ५ हवीत. मग (क्ष − ३)(क्ष − ५) = ० हे समीकरण चालेल, कारण ३ टाकला की पहिला कंस शून्य, ५ टाकला की दुसरा. आता कंस सोडवा, पण घाई करू नका, एकेक पद बघा: क्ष² − ५क्ष − ३क्ष + १५. मधली दोन पदं एकत्र केली की −८क्ष. म्हणजे क्ष² − ८क्ष + १५. मधल्या पदात ३ आणि ५ ची बेरीज येऊन बसली, मायनस साइन घेऊन, आणि शेवटी त्यांचा गुणाकार, तो प्लस कारण मायनस गुणिले मायनस. हाच सगळा खेळ आहे. ३ आणि ५ च्या जागी अल्फा बीटा लिहा, क्ष² − (अल्फा + बीटा)क्ष + अल्फा·बीटा.

आता अ कुठून आला? समीकरणात क्ष² च्या आधी २ किंवा ७ असू शकतो ना, तर पूर्ण समीकरणाला त्या अ ने भागून टाका, मुळं बदलत नाहीत (उजवीकडे शून्य आहे, शून्याला शून्य सोडून कशानेही भागलं तरी शून्य). भागल्यावर क्ष² + (ब/अ)क्ष + क/अ = ०. वरच्याशी जुळवा. ब/अ म्हणजे बेरजेचा मायनस, क/अ म्हणजे गुणाकार. त्या मुलाला मी हेच वहीच्या मागच्या पानावर त्याच्याकडूनच करून घेतलं, आणि मायनस बेरजेला का आणि गुणाकाराला का नाही हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. एकदा तोंडाने सांगता आलं की मग विसरत नाही.

सूत्रावरूनही दिसतं, क्ष = (−ब ± √(ब² − ४अक))/२अ. दोन मुळं, एकात प्लस वर्गमूळ, दुसऱ्यात मायनस वर्गमूळ, छेद दोन्हीकडे २अ. बेरीज केली की वर्गमुळं एकमेकांना खाऊन टाकतात, उरतं −२ब/२अ. त्या दीड पानात शेवटी √१७ नाहीसा होणारच होता, नीट केलं असतं तरी. मग आणायचाच कशाला.

साइन कुठे चुकते

मी जितक्या वह्या बघितल्यात त्यात नव्वद टक्के नाही पण खूप मोठा भाग हा इथेच पडतो, म्हणून जरा थांबते. पहिली सवय अशी लावा, गणित वाचलं की आधी समीकरण एका बाजूला आणा, उतरत्या क्रमाने लावा, आणि खाली स्वतंत्र ओळीत अ = , ब = , क = असं साइनसकट लिहा. डोक्यात नाही, कागदावर. उदाहरण घ्या, ३क्ष² = ५ − २क्ष. घाईत पोरं अ ३, ब ५, क −२ असं धरून मोकळी होतात कारण त्या क्रमाने दिसतं. आणा सगळं डावीकडे: ३क्ष² + २क्ष − ५ = ०. आता अ = ३, ब = २, क = −५. बेरीज −२/३, गुणाकार −५/३. खरी मुळं १ आणि −५/३ आहेत, बेरीज करून बघा, १ − ५/३ = −२/३, बरोबर.

दुसरी चूक म्हणजे ब स्वतःच मायनस असतो तेव्हा. २क्ष² − ७क्ष + ४ मध्ये ब = −७, मग −ब = ७, बेरीज ७/२. इथे काही जण "सूत्रात मायनस आहे" एवढंच लक्षात ठेवून −७/२ लिहितात. समीकरणात मधलं पद मायनस दिसलं की बेरीज प्लस, मधलं पद प्लस दिसलं की बेरीज मायनस (अ प्लस असेल तेव्हा). आणि तिसरी, अ ने भागायचं राहणं. क्ष² च्या आधी काही नसलेली गणितं करून करून हात बसतो आणि मग अ = ६ आला तरी बेरीज म्हणून नुसता −ब लिहून पुढे जातात.

मधलं पद फोडताना आपण हेच तर करतो

अवयव पाडताना सगळ्यांना शिकवलेलं असतं की क्ष² − ८क्ष + १५ साठी असे दोन आकडे शोधा ज्यांचा गुणाकार १५ आणि बेरीज −८. ते −३ आणि −५. हे म्हणजे वरचाच संबंध, फक्त मुळांची साइन उलटी करून. इथपर्यंत ठीक. पण ६क्ष² − क्ष − १२ आला की सांगतात अ आणि क चा गुणाकार करा, ६ × −१२ = −७२, आणि ज्यांची बेरीज −१ असे दोन आकडे शोधा, −९ आणि ८. का म्हणून अ गुणिले क? हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, मी खूप वर्षं तसंच करत राहिले.

कारण असं आहे. आपण जे दोन आकडे शोधतो ते खरं म्हणजे −अ·अल्फा आणि −अ·बीटा आहेत. त्यांची बेरीज −अ(अल्फा + बीटा), म्हणजे −अ × (−ब/अ) = ब. आणि गुणाकार अ² × अल्फा·बीटा = अ² × क/अ = अ·क. बास, म्हणून अ·क. पडताळून बघा, ६क्ष² − ९क्ष + ८क्ष − १२ = ३क्ष(२क्ष − ३) + ४(२क्ष − ३), मुळं ३/२ आणि −४/३. −६ × ३/२ = −९, −६ × (−४/३) = ८. तेच दोन आकडे. याचा एक फायदाही आहे, −९ आणि ८ सापडले की अवयव न पाडता थेट साइन उलटी करून ६ ने भागा, ९/६ आणि −८/६, मुळं मिळाली. परीक्षेत स्टेप्स दाखवायच्या असतात तिथे रीतसर फोडूनच लिहा, पण रफ वहीत चेक करायला हे झकास आहे.

आकडे सापडतच नसतील तर

इथे मला भास्कराचार्यांचं एक उदाहरण फार प्रिय आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, आणि त्यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणला आहे, त्यांच्या नातवाने, चांगदेवाने मठ काढला त्याबद्दलचा. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात माकडांचं गणित आहे: कळपाच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग केला तर जितकी होतात तितकी माकडं रानात खेळतायत, उरलेली १२ टेकडीवर आहेत, तर एकूण किती. (क्ष/८)² + १२ = क्ष, सोडवून आणलं की क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. आता ७६८ चे अवयव पाडत बसायचं का? १ आणि ७६८, २ आणि ३८४, ३ आणि २५६... येईल, पण वेळ जाईल.

त्याऐवजी असं करा. दोन मुळांची बेरीज ६४, म्हणजे त्यांचा मध्य ३२. मग एक मूळ ३२ पेक्षा जितकं जास्त तितकंच दुसरं ३२ पेक्षा कमी असणार, नाहीतर बेरीज ६४ होणार नाही. तो फरक च म्हणा. (३२ + च)(३२ − च) = ७६८, म्हणजे १०२४ − च² = ७६८, च² = २५६, च = १६. मुळं ४८ आणि १६. दोन्ही उत्तरं चालतात, ४८ चा आठवा हिस्सा ६, वर्ग ३६, अधिक १२ बरोबर ४८. १६ चा आठवा २, वर्ग ४, अधिक १२ बरोबर १६. दोन्ही कळप खरे.

ही अर्ध्या बेरजेची युक्ती नवी नाही. इसवी सनापूर्वी १८०० च्या आसपासच्या बॅबिलोनियन मातीच्या पाट्यांवर अशी गणितं आहेत, आयताची लांबी अधिक रुंदी साडेसहा, क्षेत्रफळ साडेसात, बाजू सांगा. तेही आधी बेरीज अर्धी करतात, सव्वातीन, त्याचा वर्ग १०.५६२५, त्यातून ७.५ गेले ३.०६२५, वर्गमूळ १.७५, बाजू ५ आणि १.५. २०१९ मध्ये अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक पो-शेन लो यांनी हीच रीत शाळेतल्या मुलांना सूत्राऐवजी शिकवा म्हणून मांडली आणि ती बरीच पसरली. माझंही मत तेच आहे की ही आधी शिकवावी आणि सूत्र नंतर, कारण सूत्र म्हणजे हीच रीत अक्षरांत लिहिलेली. आलेख काढून बघितलात तर तो मध्य म्हणजे परवलयाची सममितीची रेषा, क्ष = −ब/२अ.

भास्कराचार्यांचंच दुसरं माकडांचं गणित, कळपाचा पाचवा हिस्सा वजा तीन, त्याचा वर्ग इतकी गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय. क्ष² − ५५क्ष + २५० = ० येतं. बेरीज ५५, गुणाकार २५०, मुळं ५० आणि ५, हे तर तोंडी दिसतं. पण ५ घेतलं तर पाचवा हिस्सा १, वजा तीन म्हणजे −२, वर्ग ४ येतो आणि समीकरण जुळतं, पण एका माकडातून तीन माकडं वजा होत नाहीत. भास्कराचार्य हे दुसरं उत्तर घेत नाहीत. शाब्दिक उदाहरणात शेवटी "मूळ ग्राह्य की अग्राह्य" लिहायला लावतात ते याचसाठी, ती ओळ सोडू नका.

नुसतं बघून काय काय सांगता येतं

गुणाकार मायनस आला, म्हणजे अ आणि क च्या साइन वेगळ्या, तर एक मूळ धन आणि एक ऋण, आणि मुळं वास्तव असणारच (ब² − ४अक मध्ये −४अक प्लस होतो). मग बेरीज बघा, बेरीज प्लस असेल तर धन मूळ आकड्याने मोठं, मायनस असेल तर ऋण मूळ मोठं. गुणाकार प्लस असेल तर दोन्ही एकाच साइनचे, बेरजेची साइन तीच दोघांची. पण इथे थांबा, आधी विवेचक बघा. क्ष² + २क्ष + ५ = ० मध्ये बेरीज −२, गुणाकार ५, लगेच "दोन्ही ऋण" लिहाल, पण विवेचक ४ − २० = −१६, वास्तव मुळंच नाहीत. बेरीज आणि गुणाकार तरीही −२ आणि ५ च राहतात, संबंध मोडत नाही, फक्त धन-ऋण बोलण्यात अर्थ नाही.

दोन शॉर्टकट जे मी रोज वापरते. तिन्ही सहगुणकांची बेरीज शून्य असेल तर एक मूळ १ असतं, क्ष = १ टाकून बघा. मग गुणाकार क/अ असल्यामुळे दुसरं मूळ थेट क/अ. १७क्ष² − २९क्ष + १२ = ०, १७ − २९ + १२ = ०, मुळं १ आणि १२/१७, पेन उचलायची गरज नाही. आणि अ + क = ब असेल तर एक मूळ −१, दुसरं −क/अ.

आणि हो, एक मूळ दिलेलं असेल तर दुसरं काढायला परत समीकरण सोडवू नका, बेरजेतून वजा करा. दिलेलं मूळ २ + √३ असेल आणि सहगुणक परिमेय असतील तर दुसरं २ − √३ असणार, बेरीज ४, गुणाकार ४ − ३ = १, समीकरण क्ष² − ४क्ष + १ = ०. "सहगुणक परिमेय" ही अट विसरू नका, तीच मुख्य आहे. क्ष² − (२ + √३)क्ष = ० याचंही एक मूळ २ + √३ आहे आणि दुसरं शून्य, इथे जोडी जमत नाही कारण सहगुणकातच √३ बसलाय.

अल्फा बीटाची राशी दिली की

आता मुख्य पोट. पेपरात येतं अल्फा² + बीटा², १/अल्फा + १/बीटा, अल्फा/बीटा + बीटा/अल्फा, अल्फा³ + बीटा³. प्रत्येकाचं सूत्र पाठ करणारे मी बघितलेत, मला ते पटत नाही. एक साधी तपासणी करा, राशीत अल्फा आणि बीटाची अदलाबदल करा, राशी तीच राहिली तर ती बेरीज आणि गुणाकारात नक्की मांडता येते. अल्फा²·बीटा + अल्फा·बीटा² अदलाबदल केली तरी तीच, म्हणून चालेल, अल्फा·बीटा सामाईक काढा, गुणाकार × बेरीज. अल्फा + २बीटा अदलाबदल केली की बदलते, म्हणजे ती नुसत्या बेरीज-गुणाकारातून एकच ठाम उत्तर देणार नाही. अल्फा − बीटा पण बदलते, साइन उलटते, म्हणून तिचा वर्ग घेतात, (अल्फा − बीटा)² = बेरजेचा वर्ग − ४ × गुणाकार. यात −ब/अ आणि क/अ टाका, (ब² − ४अक)/अ² येतं, म्हणजे विवेचक हा मुळांच्या फरकाचा वर्गच आहे, अ² ने गुणलेला. विवेचक शून्य तर मुळं समान का, ते इथे लख्ख दिसतं.

मांडायचं कसं: अपूर्णांक असेल तर आधी छेद समान करा. १/अल्फा + १/बीटा = बेरीज/गुणाकार. अल्फा/बीटा + बीटा/अल्फा = (अल्फा² + बीटा²)/गुणाकार. वर्ग असतील तर बेरजेचा वर्ग करून जास्तीचं काढून टाका. घन असेल तर बेरजेचा घन, त्यातून ३ × गुणाकार × बेरीज वजा. आपल्या २क्ष² − ७क्ष + ४ साठी करून बघू, घनांची बेरीज = ३४३/८ − ३ × २ × ७/२ = ३४३/८ − २१ = १७५/८.

चौथा पाचवा घात आला तर? घाबरू नका, एक सुंदर गोष्ट आहे. अल्फा हे समीकरणाचं मूळ आहे म्हणून अल्फा² = बेरीज × अल्फा − गुणाकार. दोन्ही बाजूंना अल्फाने गुणत जा, बीटासाठीही तसंच, आणि मिळवा. निघतं असं की प्रत्येक पुढच्या घातांची बेरीज = (मुळांची बेरीज × आधीची) − (गुणाकार × त्याच्या आधीची). क्ष² − क्ष − १ = ० घ्या, बेरीज १, गुणाकार −१. शून्य घाताला २, पहिल्या घाताला १, मग प्रत्येक पुढचा म्हणजे आधीच्या दोघांची बेरीज: ३, ४, ७, ११. म्हणजे अल्फा⁵ + बीटा⁵ = ११. मुळं (१ ± √५)/२ आहेत, त्यांचा पाचवा घात हाताने करून बघा मग या ओळीची किंमत कळेल.

आणि एक खूण लक्षात ठेवा. क्ष² − २क्ष + ५ = ० साठी अल्फा² + बीटा² = ४ − १० = −६. वर्गांची बेरीज ऋण! मुलं घाबरून साइन बदलतात. बदलू नका, गणित बरोबर आहे, मुळं वास्तव नाहीत एवढंच ते सांगतंय.

नवं समीकरण बनवा, आणि तो ल

मुळं दिली की समीकरण: क्ष² − (बेरीज)क्ष + गुणाकार = ०. मायनस बेरजेला, परत तेच. मुळं दुप्पट करायची असतील तर बेरीज दुप्पट, गुणाकार चौपट: २क्ष² − ७क्ष + ४ च्या दुप्पट मुळांचं समीकरण क्ष² − ७क्ष + ८ = ०. मुळं उलटी, १/अल्फा आणि १/बीटा, करायची असतील तर सहगुणकच उलट क्रमाने लिहा, ४क्ष² − ७क्ष + २ = ०. का ते मगाचच्या बेरीज/गुणाकारावरून स्वतः बघा.

मग ल ची किंमत काढा प्रकार. क्ष² − ९क्ष + ल = ० चं एक मूळ दुसऱ्याच्या दुप्पट: मुळं अल्फा आणि २अल्फा, बेरीज ३अल्फा = ९, अल्फा = ३, गुणाकार ३ × ६ = १८, ल = १८. क्ष² + ल·क्ष + ६ = ० च्या मुळांमधला फरक ५: फरकाचा वर्ग २५ = ल² − २४, ल² = ४९, ल = ७ किंवा −७. इथे −७ लिहायला विसरतात आणि अर्धं उत्तर जातं. २क्ष² + ल·क्ष + १२ = ० मध्ये बेरीज आणि गुणाकार समान: −ल/२ = ६, ल = −१२.

अकरावीला जाणाऱ्यांसाठी थोडं. हा संबंध फ्रान्स्वा व्हिएत यांच्या नावाने ओळखतात, १५४० ते १६०३, पेशाने वकील, सहगुणकांनाही अक्षरं वापरायची पद्धत त्यांनी रुजवली, आणि त्याशिवाय असा सगळ्या समीकरणांना लागू होणारा नियम लिहिताच आला नसता. ते फक्त धन मुळं धरायचे, ऋण मुळांसकट कुठल्याही घाताला चालणारं रूप अल्बेर जिरार यांनी १६२९ मध्ये मांडलं. घन समीकरण अ·क्ष³ + ब·क्ष² + क·क्ष + ड = ० असेल तर तीन मुळांची बेरीज −ब/अ, दोन-दोनच्या गुणाकारांची बेरीज क/अ, तिघांचा गुणाकार −ड/अ. साइन एकाआड एक बदलते. (क्ष − १)(क्ष − २)(क्ष − ३) सोडवा, क्ष³ − ६क्ष² + ११क्ष − ६, सगळं जुळतं.

सरावाला तीन देते, मुळं न काढता करा. ३क्ष² − ५क्ष + १ = ० साठी १/अल्फा + १/बीटा आणि अल्फा² + बीटा². क्ष² + ६क्ष + ल = ० मध्ये एक मूळ दुसऱ्याच्या पाचपट, ल काढा. आणि ज्याची मुळं ५ + √२ आणि ५ − √२ आहेत ते समीकरण लिहा. उत्तरं: ५ आणि १९/९, मग ५, मग क्ष² − १०क्ष + २३ = ०. दुसऱ्यात मुळं −१ आणि −५ येतात, बेरीज −६ आहे ना ते आधी बघून घ्या, तिथे १ आणि ५ धरलं तरी ल बरोबर येतो पण स्टेप चुकीची असते आणि तिचे मार्क जातात.